दोघींची मूळ संख्या

डॉ. निखत मुलाणी आमच्या घरी आल्या त्या सुवर्णाला सावध करायला. सुवर्णा जाऊन पाच महिने झालेत हे त्यांना माहीत नव्हतं.

"सुवर्णा पवार इथंच राहतात ना?" त्यांनी दारातून विचारलं.

"राहत होती," मी म्हणालो.

त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "पंप थांबला का?"

मला ते विचित्र वाटलं. माणूस गेल्याचं कळलं की लोक विचारतात, कशानं गेली, आजारी होती का. पंपाचं कुणी पहिल्यांदा विचारत नाही.

"थांबला नाही. थांबवला. तिनंच."

"असं कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते. सही तिची आहे."

बाई आत येऊन बसल्या. पाणी दिलं ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "काका, मी कोल्हापूरला गणित शिकवते. त्या सहीबद्दलच आलेय," त्या म्हणाल्या.

मी जालिंदर पवार. विट्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणतात, मी त्यांची तार काढून नवी भरतो. सुवर्णाचं हृदय निकामी झालं तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीत पंप बसवला. लिंबाएवढी मोटार. अंगात जाकीट घातलं की कातडीवरूनच ती चार्ज व्हायची. आत मोबाइलसारखं सिम, दवाखान्यातून लांबूनच लक्ष ठेवता यावं म्हणून. मी सुवर्णाला म्हणायचो, तुझी जळाली तर मला नाही भरता येणार. ती म्हणायची, तुमच्याकडं टाकली तर आठ दिवस कोपऱ्यातच पडेल.

असे पंप बसायला लागल्यावर परदेशात कुणीतरी लांबून एका माणसाचा पंप बंद पाडला होता. त्यानंतर कायदा झाला की प्रत्येक पंपाला कुलूप पाहिजे. कुलूप म्हणजे हजारावर अंकांची एक संख्या. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार असते. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, सात किंवा तेरासारखी. फक्त ही शेकडो अंकांची. गुणाकार उघड असतो, पंप तो कुणालाही सांगतो. पण त्यातल्या दोन मूळ संख्या कोणत्या, हे फक्त रुग्णाच्या मनगटातल्या पट्ट्याला ठाऊक. पंपाला हुकूम द्यायचा तर त्यावर त्या दोन संख्यांनी केलेली सही लागते. गुणाकार फोडून त्या शोधायच्या म्हटलं तर जगातली सगळी यंत्रं लावली तरी सूर्य विझेपर्यंत काम संपणार नाही, असं आम्हाला दवाखान्यात सांगितलं होतं.

त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं. ज्याच्या छातीत पंप, त्याला तो थांबवायचा हक्क. माणूस कंटाळला, सोसवेना, तर पट्ट्यावरून "थांब" म्हणायचं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा सुवर्णा माझ्याकडं बघून हसली होती. "म्हणजे माझं बटण माझ्याकडं," ती म्हणाली होती.

त्या दिवशी मी दुपारी दुकानातून जेवायला आलो तर ती खुर्चीत होती, मांडीवर गवारीची परडी. निम्मी गवार मोडून झालेली. मी हाक मारली. मग पंखा लावला, ती उकाड्यानं झोपली असेल म्हणून.

अग्नी द्यायच्या आधी पंप काढून घ्यावा लागतो. तो कंपनीनं तपासला आणि कळवलं की पंप चांगला होता, त्याला "थांब" असा हुकूम मिळाला, सही बरोबर होती. पट्ट्याला स्वतःची आठवण नसते, म्हणून तिथून काही कळायची सोय नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर आलं, रुग्णाच्या स्वेच्छेने.

माझं काय झालं ते सांगत नाही. पण आमची मुलगी ऋतुजा पुण्याला दिलेली. सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सुवर्णानं वर्षभर आधीपासून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणला होता. त्या दिवशी सकाळी ऋतुजानं फोन केला आणि सांगितलं, "आई, तुला झेपणार नाही गं. तुझंच कुणीतरी करायला पाहिजे. मी इथंच सासरी बाळंतीण होते." सुवर्णा म्हणाली, "बरं." दुपारी पंप थांबला.

ऋतुजानं पंपाचा रिपोर्ट वाचला आणि त्या दिवसापासून ती माणसांत राहिली नाही. मुलगी झाली. सासू बाळाला तिच्या मांडीवर ठेवायची, ती दुसरीकडं बघत बसायची. दूध आटलं. जावयानं तिला माझ्याकडं आणून सोडलं होतं, बदल म्हणून. निखतबाई आल्या तेव्हा ती आतल्या खोलीत होती आणि बाळ शेजारच्या काकूंकडं रडत होतं.

निखतबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि पेपरच्या कडेला दोन संख्या लिहिल्या, २२१ आणि २९९.

"काका, शाळेत मसावि काढला असेल ना?"

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"हरकत नाही. या दोन्ही मी दोन-दोन मूळ संख्या गुणून केल्यात. कोणत्या ते सांगणार नाही. फोडायचं म्हटलं तर तुम्हाला चाचपडत बसावं लागेल. पण मसावि काढायला काहीच फोडावं लागत नाही. मोठीतून लहान घालवा. किती उरले?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आता दोनशे एकवीसला अठ्ठ्याहत्तरनं भागा. बाकी पासष्ट. अठ्ठ्याहत्तरला पासष्टनं भागा. बाकी तेरा. पासष्टला तेरानं पुरता भाग जातो. झालं. तेरा दोघींत आहे. मग दोनशे एकवीस म्हणजे तेरा गुणिले सतरा आणि दोनशे नव्याण्णव म्हणजे तेरा गुणिले तेवीस. दोन्ही कुलपं उघडली. हजार अंकी असल्या तरी हीच रीत, आणि साध्या फोनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं."

"पण दोघींत एकच संख्या येईल कशाला?"

"यायला नको. इतक्या मोठ्या मूळ संख्या विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त आहेत. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलली तर दोघांच्या हातात एकच येणं अशक्य. पण पट्ट्याला संख्या देते ती पंपाची चिप, आणि तिनं डोळे मिटलेच नाहीत. कारखान्यात पहिल्यांदा चालू होताना तिनं आसपासच्या विजेच्या खरखरीतून कुठलीतरी संख्या उचलायची होती. नुकती चालू झालेली चिप, खरखर अजून साठलेलीच नाही. म्हणून काही चिपांनी पहिली संख्या एकच उचलली. दुसरीपर्यंत थोडा वेळ गेला, ती वेगळी आली." बाईंनी आता पाणी प्यायलं. "मी पंपांचे उघडे नंबर गोळा करून जोड्याजोड्यांचे मसावि काढत होते. बहुतेक सगळीकडं एक येतो. यायलाच पाहिजे. एका जोडीत एक आला नाही. त्यातला एक नंबर सुवर्णाताईंचा आहे."

"म्हणजे तिची सही दुसरं कुणीही करू शकत होतं?"

"ज्यानं हा मसावि काढला तो कुणीही. आणि मला सापडलं म्हणजे मलाच पहिल्यांदा सापडलं असं नाही."

"मग तिनं नाही केलं."

"तसं मी म्हणत नाही, काका. त्यांनी केलं असेल किंवा नसेलही. ती सही आता कशाचाच पुरावा नाही, एवढंच मी सांगू शकते."

आतल्या दारात ऋतुजा उभी होती. कधी आली कळलं नाही. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला. ती म्हणाली, "हे पंपांच्या लवादापुढं सांगा. दाखल्यावरचं ते काढून टाकायला लावा."

"सांगायचं तर दाखवावं लागेल," निखतबाई म्हणाल्या. "लवादाचं काम सगळं उघड चालतं. आणि यात पुरावा आणि किल्ली एकच आहे. दोन नंबर शेजारी ठेवले की ज्याला भागाकार येतो त्याला दोन्ही पंप उघडतात. सुवर्णाताई गेल्या. पण दुसरी बाई जिवंत आहे. तिचा पंप जुन्या बनावटीचा, त्याच्या चिपमधली संख्या बदलता येत नाही, पंपच बदलावा लागतो, आणि दुसरं ऑपरेशन तिला सोसणार नाही असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय. कंपनीला मी कळवलंय. त्यांचं अजून उत्तर नाही."

"कोण आहे ती बाई?" ऋतुजानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी निखतबाईंनी त्या घरी फोन करून विचारलं. ते म्हणाले, येऊ दे की.

जयसिंगपूरला मगदूमांच्या घरी आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. निघताना ऋतुजा म्हणाली होती, "मी त्यांना सरळ विचारणार आहे, पप्पा. तुम्ही मध्ये पडू नका."

अशोक मगदूम तंबाखूच्या वखारीत होते, आता घरीच. त्यांच्या मिसेस, सुनंदावहिनी, जाकीट घालून पलंगावर बसल्या होत्या. तसलंच राखी जाकीट. जाकिटाचा बारीक घूं आवाज येतो. मी तो पाच महिन्यांनी ऐकला आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

आत आलो तर अशोकराव म्हणत होते, "माझ्यापेक्षा पंपाचं जास्त ऐकते ही. तो वाजला की लगेच उठते. मी हाका मारून घसा बसला तरी ढिम्म."

"तो कामाचं बोलतो," सुनंदावहिनी म्हणाल्या. मग ऋतुजाला म्हणाल्या, "त्या मॅडमनी सांगितलं सगळं. म्हणजे तुझी आई आणि मी जुळ्या म्हणायच्या. बस की बाळ. आधी जेवून घ्या. आमच्यात दिवस बुडायच्या आत उरकतात, नंतर पाणीसुद्धा मिळायचं नाही बघा."

जेवणं झाली. ऋतुजानं ताटात बोटं फिरवली. मग तिनं विचारलं, "आम्ही लवादापुढं गेलो तर तुमच्या जिवाला धोका आहे. आम्ही जाऊ का?"

अशोकरावांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सुनंदावहिनींनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही.

"तुला काय पाहिजे त्यातून?"

"आईनं ते केलं नाही, हे पाहिजे."

"ते मिळणार आहे का? ती मॅडम तर म्हणाली, कळणार काहीच नाही."

ऋतुजानं ताट बाजूला सारलं.

"मी सांगते ते ऐक," त्या म्हणाल्या. "हे अंगात असलं की थांबवायचा विचार रोज येतो. भांडण झालं म्हणून नाही, कुणी बोललं म्हणून नाही. सकाळी उठून केस विंचरताना येतो. दुपारी जातो. तुझ्या आईला त्या दिवशी तो आला असेल, तर तुझ्या फोनच्या आधीही आला असेल. तू एवढी मोठी नाहीस गं."

ऋतुजा रडायला लागली. वहिनींनी तिला रडू दिलं.

"आणि माझं म्हणशील तर मला मरायची भीती नाही," त्या पुढं म्हणाल्या. "आमच्या जैनांत सल्लेखना असते. आयुष्य सरत आलं की महाराजांची परवानगी घेऊन, सगळ्यांची क्षमा मागून, एकेक सोडत जायचं. पण मी अन्नपाणी सोडलं तरी हा आत फिरतच राहणार. म्हणून महाराजांना विचारून ठेवलंय की शेवटी हा थांबवला तर चालेल का. ते विचार करतायत. काय सांगतील ते सांगतील. पण मी जाईन तेव्हा सांगून जाईन. यांना, लेकरांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना. तेवढं माझं मला राहू दे. दुसऱ्यानं कुणी मध्येच बटण दाबलं तर लोक म्हणतील, चोरासारखी गेली."

बाहेर पडलो तेव्हा ऋतुजा म्हणाली, "नको, पप्पा. राहू दे."

घरी आल्यावर तिनं शेजारच्या काकूंकडून बाळ आणलं. घेतलं नीट नाही, कडेवर कळशी घ्यावी तसं. पण घेतलं.

आम्ही गप्प राहिलो. निखतबाईंनीही कुठं काही छापलं नाही. कंपनीनं त्यांना उत्तर पाठवलं की तपास चालू आहे. असा दीड महिना गेला. मग एका सकाळी त्यांचा फोन आला.

"काका, दुसऱ्या कुणीतरी काढले सगळे मसावि. परदेशात कुठंतरी. दोनशेच्या वर जोड्या सापडल्यात आणि सगळ्या संख्या त्यांनी नेटवर टाकल्यात. मी मगदूमांना सांगितलंय. दवाखान्यात सिग्नल न पोचणाऱ्या खास खोल्या तयार करतायत, पण जागा मिळायला वेळ लागेल."

"पंपाचं सिम बंद करता येत नाही?"

"नाही. लोखंडी पेटीत ठेवल्यासारखं माणसाला ठेवलं तरच. किंवा तांब्याच्या जाळीत, सगळ्या बाजूंनी."

माझ्या दुकानात तांब्याशिवाय दुसरं काय असतं. पण ती तार, जाळी नाही. सांगलीत फोन करून जाळीचा गठ्ठा मागवला, वाटेत तो गाडीवर टाकला. पलंगाभोवती चौकट कशी ठोकायची, सांधे कथलानं कसे डाखायचे, दार कुठून ठेवायचं, हे सगळं गाडी चालवता चालवता मनात जुळवून ठेवलं. सुवर्णासाठी मला काही करता आलं नव्हतं. हे येत होतं.

मगदूमांच्या दारात चपला होत्या. पायरीवर, खाली रस्त्यावर, बायकांच्या, पुरुषांच्या, एकमेकींवर पडलेल्या. मी गठ्ठा खांद्यावर घेऊन तिथंच थांबलो.

कुणीतरी अशोकरावांना बोलावलं. ते बाहेर आले, माझ्या खांद्याकडं बघितलं.

"तांदूळ निवडत होती," ते म्हणाले. "बोलता बोलता गेली. मला म्हणत होती, आज वाण्याकडून..." पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. "उतरवून ठेवा ते. जड असेल."

त्या आठवड्यात जगभरात किती पंप थांबले ते पेपरात रोज वेगळं यायचं. कुणी थांबवले ते कुठंच आलं नाही. एका ठिकाणी शाळकरी पोरांना धरलं, त्यांनी सांगितलं की खरंच होतं का ते बघत होतो. मग सरकारनं सगळे पंप एकाच वेळी नव्या कुलपावर घेतले, ज्यांचे घेता आले त्यांचे. आणि जे आधीच थांबले होते त्यांच्यासाठी वेगळा लवाद बसवला.

सांगलीला आम्हाला आणि मगदूमांना एकाच दिवशी बोलावलं, कारण मूळ संख्या एक. लवादाच्या अधिकारी मध्यम वयाच्या बाई होत्या, थकलेल्या. त्या म्हणाल्या, "सही आता ग्राह्य धरता येत नाही. म्हणून मी घरच्यांना एकच गोष्ट विचारते. तुमचं माणूस तुम्हाला न सांगता असं करेल का? तुम्ही सांगाल त्याप्रमाणे दाखल्यावर येईल. याहून जास्त माझ्या हातात काही नाही."

अशोकराव आधी उभे राहिले. बाईंचा प्रश्न पुरता व्हायच्या आत म्हणाले, "नाही. ती सांगून गेली असती." पुन्हा बसताना त्यांनी खुर्ची धरली, पण आवाज हलला नव्हता. सुनंदावहिनींना कुणी मारलं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. वहिनींनी काय केलं नसतं हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

मग माझं नाव पुकारलं. ऋतुजा शेजारी बाळाला घेऊन बसली होती. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं की जयसिंगपूरला रडली तरी तिचं संपलेलं नव्हतं. ती या प्रश्नाचीच वाट बघत होती.

"पवार," बाई म्हणाल्या, "सुवर्णाताईंनी तुम्हाला न सांगता असं केलं असतं का?"

सुवर्णाला पहिला झटका आला तो बाजारात. ती एका पायरीवर टेकली, घाम आला, मग उठली. पिशव्या घेऊन चालत घरी आली. चूल पेटवून तिनं भाकऱ्या थापल्या, मला वाढलं, माझं होईपर्यंत समोर बसली. मी भाजीला मीठ कमी आहे म्हणालो, तिनं उठून मीठ आणून दिलं. मी हात धुऊन आलो तेव्हा म्हणाली, "अहो, जरा छातीत दुखतंय. पण सकाळी बघू." डॉक्टर म्हणाले होते, लगेच आला असता तर हृदय वाचलं असतं, पंपाची गरज पडली नसती. ऋतुजा तेव्हा पुण्याला होस्टेलवर होती. तिलाही सांगायचं नाही असं सुवर्णानं मला बजावलं होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःचं काहीच कधी आधी सांगितलं नव्हतं.

"पवार?" बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. "सांगून गेली असती."

बाईंनी ते टाइप केलं, मशीननं दाखल्याची नवी प्रत बाहेर टाकली. ऋतुजानं ती घेतली आणि उभ्या उभ्या दोनदा वाचली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं विचारलं, "खरंच ना, पप्पा?"

"खरंच," मी म्हणालो.

ती बाकावर बसली. बाळाची टोपी सरळ केली, मग वाकून त्याचा वास घेतला, बराच वेळ. मी पाठमोरा होऊन रस्त्याकडं बघत राहिलो, तिला माझं तोंड दिसू नये म्हणून.